बुरशीला वाट कोणी करून दिली?

१९५७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात रॉजर बेकर या विकृतिशास्त्रज्ञाचा एक लेख छापून आला. शीर्षकातच प्रश्नचिन्ह होते: म्युकरमायकोसिस हा नवा रोग म्हणायचा का? पुढे ६४ वर्षांनी, मे २०२१ मध्ये, हाच प्रश्न महाराष्ट्रातल्या घराघरांत विचारला जाऊ लागला. कोरोनातून बरा होऊन घरी आलेला माणूस आठ-पंधरा दिवसांत पुन्हा दवाखान्यात जात होता. तक्रारी वरवर किरकोळ वाटाव्यात अशा असत. एका बाजूचा गाल बधिर झालाय, वरचे दात हलतायत, नाकातून काळपट स्राव येतोय, समोरचे दोन-दोन दिसतेय. त्यातल्या अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळा गेला, काही वाचले नाहीत. विषाणूने जाता जाता आणखी एक संकट मागे ठेवले, अशीच बहुतेकांची समजूत झाली. या रोगाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. ही बुरशी माणसाच्या अवतीभवती कायमच होती. शरीरातली साखर आणि आपण घेतलेली औषधे यांनी तिला वाट करून दिली, की तेवढ्यापुरती ती आत शिरली. तिच्यावरचे यशही नव्या औषधापेक्षा जास्त दोन जुन्याच गोष्टींवर अवलंबून राहिले: रोग किती लवकर ओळखला आणि मूळ बिघाड किती लवकर दुरुस्त केला. २०२१ ची साथ समजून घ्यायची, तर तिची सुरुवात २०२१ मध्ये शोधून चालणार नाही.

आधी या बुरशीची रीत पाहू. म्युकर गटातल्या बुरश्यांचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजलेल्या पालापाचोळ्यात आणि शिळ्या पावावर असतात. हवेबरोबर ते आपण सगळेच रोज नाकावाटे आत घेतो. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात. या पेशी दुबळ्या पडल्या, की बीजाणूला नाकालगतच्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, अंकुर फुटतो आणि तंतू वाढू लागतात. हे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत घुसतात. वाहिनीत गुठळी होते, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो. टाळूवर किंवा नाकात दिसणारी काळी खपली बुरशीच्या रंगाची नसते; ते मेलेले मांस असते. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखे पातळ हाड आहे. ते ओलांडायला बुरशीला काही दिवस पुरतात आणि डोळ्यामागून मेंदूपर्यंतचा रस्ता तिथून लांब नाही. रक्तच पोहोचत नसल्यामुळे शिरेतून दिलेले औषधही मेलेल्या भागात पोहोचत नाही. या एका गोष्टीने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या उपचारांची दिशा ठरवली आहे.

माणसाच्या शरीरात पसरलेल्या या रोगाचे पहिले नीट वर्णन १८८५ मध्ये ऑस्ट्रियन वैद्य आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी केले. नंतरची अनेक दशके तो शवविच्छेदनाच्या टेबलावर अधूनमधून सापडणारा चमत्कारिक रोगच राहिला. कारण साधे होते. ज्याच्या अंगात ही बुरशी वाढू शकेल, इतका खालावलेला माणूस तिला वेळ मिळण्याआधीच दगावत असे. मधुमेह फार बिघडला की शरीर साखरेऐवजी चरबी जाळते आणि रक्तात आम्ल साठते. इन्शुलिन येण्यापूर्वी या अवस्थेतून रुग्ण क्वचितच बाहेर पडे. १९२२ पासून इन्शुलिन मिळू लागले आणि मधुमेही जगू लागले. पण साखर वर्षानुवर्षे ताब्यात नसलेल्या माणसांचा एक मोठा वर्गही त्याबरोबर तयार झाला. १९४३ मध्ये ग्रेगरी, गोल्डन आणि हेमेकर यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या पत्रिकेत तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. तिघांचाही मधुमेह हाताबाहेर गेलेला होता, तिघांच्याही डोळ्याभोवती सूज होती आणि बुरशी मेंदूत पोहोचली होती. नाक, डोळा आणि मेंदू ही रोगाची वाट त्या लेखाने डॉक्टरांच्या नजरेत बसवली. या रोगातून वाचलेल्या पहिल्या रुग्णाची नोंद आली ती १९५५ मध्ये, म्हणजे पाल्टाउफनंतर ७० वर्षांनी.

बेकरचा प्रश्न पडला तो नेमका याच काळात. १९४० च्या दशकात प्रतिजैविके आली, १९४९ मध्ये कॉर्टिसोनचा संधिवातावरचा परिणाम पाहून वैद्यकविश्व थक्क झाले आणि १९५० मध्ये त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोन आणि त्याच्या जातकुळीतली स्टेरॉइड औषधे सूज उतरवतात. ती हे करतात प्रतिकारशक्तीला आवर घालून, आणि रक्तातली साखरही वाढवतात. म्युकरला हवी असलेली परिस्थिती एकाच गोळीत तयार होत होती. रक्ताच्या कर्करोगावरची औषधे आणि अवयव प्रत्यारोपण यांनी पुढच्या दशकांत त्यात भर घातली. अगदी अलीकडचे उदाहरणही याच धर्तीचे आहे. २००२ नंतर व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध कर्करोग आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांना प्रतिबंधासाठी दिले जाऊ लागले. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर ते उत्तम चालते, म्युकरवर अजिबात चालत नाही. हे औषध घेणाऱ्यांमध्ये काही केंद्रांत म्युकरचे रुग्ण दिसू लागले. वैद्यकाने एक दार लावले की ही बुरशी दुसरे शोधते, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

मधुमेहच तिला इतका का मानवतो, याचा उलगडा टप्प्याटप्प्याने झाला. रक्तातले लोह एका प्रथिनाला बांधलेले असते, त्यामुळे जंतूंना ते सहजी मिळत नाही. रक्त आम्ल झाले की ही पकड सैल होते. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आम्लता वाढलेल्या मधुमेहींच्या रक्तद्रवात ही बुरशी जोमाने वाढताना दिसली. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या अश्रफ इब्राहिम यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला. रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या ज्या प्रथिनाला धरून बुरशी आत शिरते, ते प्रथिन साखर आणि लोह वाढले की स्वतःच वाढते. म्हणजे साखर वाढली की पहारेकरी पांढऱ्या पेशी सुस्तावतात, बुरशीला अन्न मिळते आणि आत शिरायला कडीही मिळते. या रोगात साखर आटोक्यात आणणे हा उपचाराचाच भाग आहे. तो पथ्यपाण्याचा सल्ला समजून दुय्यम मानला, तर बाकीचे उपचार अपुरे पडतात.

औषधाचा शोध लागला तो दक्षिण अमेरिकेतल्या मातीत. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातून आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून स्क्विब कंपनीच्या संशोधकांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर अँफोटेरिसिन बी वेगळे काढले आणि दशक संपता संपता ते रुग्णांना मिळू लागले. ते प्रभावी होते, पण जाचकही होते. सलाईन चार-सहा तास हळूहळू चालवायचे, त्यात रुग्णाला हुडहुडी भरून ताप चढायचा, मूत्रपिंडांवर ताण यायचा आणि रक्तातले पोटॅशियम खाली जायचे. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये मिसळले तर ते फुटते, म्हणून ग्लुकोजच्या बाटलीतूनच द्यावे लागते. आणि रुग्ण बहुधा मधुमेही! पुढे औषधाचे रेणू चरबीच्या सूक्ष्म गोलकांत भरण्याची युक्ती निघाली. त्यामुळे मूत्रपिंडांची हानी बरीच कमी झाली आणि मोठी मात्रा देणे शक्य झाले. अमेरिकेत या लायपोसोमल प्रकाराला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांच्या साथीने असेच देशी औषध त्याच सुमारास विकसित केले, हे २०२१ च्या धावपळीत फार थोड्यांना आठवले.

औषध हाती आले तरी रोग ओळखण्याचा प्रश्न उरलाच, आणि खरी लढाई तिथेच होती. या बुरशीसाठी रक्ताची खात्रीशीर चाचणी रोजच्या वापरात नव्हती. इतर बुरश्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या दोन रक्तचाचण्या म्युकरच्या बाबतीत नकारार्थीच येतात. त्यामुळे अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त राहिलेला डॉक्टर फसतो. एमआरआयवर निरोगी भाग औषधाने उजळतो आणि मेलेला भाग काळाच राहतो. हा उपयोगी इशारा आहे, पण पुरावा नाही. पुरावा मिळतो नाकात दुर्बीण घालून काढलेल्या तुकड्यातून. तो तुकडा काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात विरघळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. रुंद, फितीसारखे, वेडेवाकडे वळलेले, मध्ये पडदे जवळपास नसलेले आणि काटकोनात फुटलेले तंतू दिसले तर ते म्युकर. बारीक, पडदे असलेले, तिरक्या कोनात फुटणारे तंतू दिसले तर बहुधा ॲस्परजिलस. उत्तर त्याच दिवशी मिळते आणि साहित्य जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतही असते. तंतू ओळखणारी नजर मात्र घडवावी लागते. यात एक बारकावा आहे. प्रयोगशाळेत इतर नमुन्यांप्रमाणे हा तुकडा वाटून बारीक केला, तर पडदे नसलेले हे तंतू फुटून मरतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. तुकड्याचे फक्त काप करायचे असतात. एवढीशी गोष्ट माहीत नसल्याने असलेला रोग नाही ठरू शकतो.

औषध आणि वेळेवरचे निदान यांच्या जोडीला तिसरा आधार शस्त्रक्रियेचा. मेलेल्या भागात औषध जात नसेल तर तो भाग काढूनच टाकावा लागतो. पूर्वी त्यासाठी ओठाखालून किंवा चेहऱ्यावर छेद घेऊन सायनस उघडावे लागे. १९७० च्या दशकात ग्रात्सच्या मेसरक्लिंगर यांनी नाकाच्या दुर्बिणीचे तंत्र रुळवले आणि पुढच्या दशकात ते जगभर पसरले. आता चेहऱ्याला धक्का न लावता, रक्त दिसेपर्यंत काळा भाग खरवडत जाता येऊ लागले. औषध आणि शस्त्रक्रिया यांचे एकत्रित मोल किती, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याने दाखवले. १८८५ पासूनच्या ९२९ नोंदी त्यात तपासल्या होत्या. उपचारच न झालेल्यांपैकी ३ टक्के वाचले होते, फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५७ टक्के, फक्त अँफोटेरिसिन मिळालेल्यांपैकी ६१ टक्के आणि दोन्ही मिळालेल्यांपैकी ७० टक्के. जुन्या नोंदींवर आधारलेल्या आकड्यांना मर्यादा असतात. जे रुग्ण शस्त्रक्रियेला टिकू शकत होते ते मुळातच बऱ्या अवस्थेत असणार, हा आक्षेपही रास्त आहे. तरी दिशा स्पष्ट दिसते. वेळेचे महत्त्व २००८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील एका अभ्यासाने आकड्यात मांडले: निदानानंतर औषध सहा दिवस किंवा अधिक लांबले, तेव्हा बारा आठवड्यांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेले.

आता भारताकडे वळू. चंडीगडच्या पीजीआय संस्थेत डॉ. अरुणालोक चक्रवर्ती यांच्या गटाने या रोगाची नोंद चिकाटीने ठेवली. १९९० ते १९९९ या दहा वर्षांत त्यांच्याकडे १२९ रुग्ण आले. २००० ते २००४ या पाच वर्षांत १७८ आले आणि त्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश जणांचा मधुमेह अनियंत्रित होता. २००६-०७ मध्ये अवघ्या १८ महिन्यांत ७५ आले. वर्षाला तेरा, मग छत्तीस, मग पन्नास असा हा चढ आहे. पाश्चात्त्य देशांत हा रोग मुख्यतः कर्करोग आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांना होत होता. भारतात तो होत होता साध्या मधुमेह्यांना, आणि त्यातल्या काहींना आपल्याला मधुमेह आहे हे बुरशीने गाठल्यावरच कळत होते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात ७ कोटी ४० लाखांहून अधिक प्रौढ मधुमेही होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिकांचे निदानच झालेले नव्हते. सरपण असे रचून ठेवलेलेच होते. ठिणगी पडायची बाकी होती.

ती पडली एका चांगल्या शोधातून. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे काही रुपयांत मिळणारे स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे सुमारे एक-पंचमांशाने कमी करत होते. साथीच्या काळातला हा सर्वांत मोलाचा वैद्यकीय निष्कर्ष म्हणता येईल. पण चाचणीला अटी होत्या: दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नव्हता. उलट त्यांच्यातले मृत्यू थोडे जास्तच होते. भारतात औषध पोहोचले, अटी वाटेतच राहिल्या. घरच्या घरी, पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून, जास्त मात्रेत, जास्त दिवस स्टेरॉइड घेतले गेले. एकाची चिठ्ठी व्हॉट्सॲपवरून दुसऱ्याकडे गेली आणि मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या. साखर मात्र कोणी तपासली नाही. कोरोनाच्या उपचाराने ऑक्सिजनची पातळी सावरली, की रुग्ण घरी यायचा. तेव्हा त्याची साखर तीनशे-चारशेवर असू शकते, हे घरच्यांना सांगितलेलेच नसे.

इशारा आधी मिळाला होता. डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली आणि अहमदाबादच्या रुग्णालयांतले कान-नाक-घसा तज्ज्ञ वाढत्या रुग्णसंख्येबद्दल जाहीरपणे बोलत होते. १६ केंद्रांच्या एका भारतीय अभ्यासात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातले म्युकरचे रुग्ण आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या २.१ पट आढळले. मग दुसरी लाट आली. ९ मे २०२१ रोजी आयसीएमआरने निदान आणि उपचाराची सूचनापत्रिका काढली. १९ मे रोजी राजस्थानने या रोगाला साथ जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने सर्व राज्यांना १८९७ च्या साथरोग कायद्याखाली त्याची नोंद सक्तीची करायला सांगितले. २८ जूनपर्यंत देशात ४०,८४५ रुग्ण आणि ३,१२९ मृत्यू नोंदले गेले. रुग्णांपैकी ८५.५ टक्क्यांना कोरोना होऊन गेला होता, ६४ टक्के मधुमेही होते आणि सुमारे ५३ टक्क्यांनी स्टेरॉइड घेतले होते. जुलैच्या मध्यापर्यंत एकूण आकडा ४५ हजारांवर गेला आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. गुजरात दुसऱ्या क्रमांकावर. सरकारी आकड्यांतून निघणारे मृत्यूचे प्रमाण कमी वाटते, कारण मोजणी झाली तेव्हा हजारो जण उपचारांतच होते. पुढे २५ रुग्णालयांच्या अभ्यासात बारा आठवड्यांचा हिशेब लागला, तेव्हा ते ३२ टक्के निघाले.

औषधाची टंचाई हा या साथीतला सर्वांत ठसठशीत प्रसंग. साठ किलो वजनाच्या माणसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम या किमान मात्रेने रोज ३०० मिलिग्रॅम लायपोसोमल अँफोटेरिसिन लागते, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल. तीन आठवड्यांचा हिशेब सव्वाशेच्या वर जातो आणि एकेका व्हायलची किंमत काही हजार रुपये. वर्षाला थोडक्याच रुग्णांना लागणारे औषध एका महिन्यात हजारोंना हवे झाले. नातेवाईक चिठ्ठी घेऊन एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरू लागले. केंद्राने वाटप हाती घेऊन पाच नव्या कंपन्यांना उत्पादनाची परवानगी दिली. मेअखेरीस वर्ध्यात जेनेटिक लाइफ सायन्सेसने अँफोटेरिसिनच्या इमल्शन प्रकाराचे उत्पादन सुरू केले आणि त्याची किंमत १,२०० रुपये जाहीर झाली. १२ जूनला जीएसटी परिषदेने औषधावरचा कर शून्यावर आणला. राज्याने उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली आणले. ही सगळी पावले योग्य होती. पण ती उचलली गेली तेव्हा बुरशी हजारोंच्या डोळ्यांपर्यंत पोहोचली होती.

औषध वेळेवर मिळाले असते तर एवढी हानी झालीच नसती, असे म्हणणारे चूक नाहीत. टंचाईने जीव घेतले. पण पुरेसे औषध असतानाही या रोगात शंभरातले तीस-चाळीस दगावत आले आहेत, हे जुनेच आकडे सांगतात. म्हणून भर रुग्णच कमी होतील यावर हवा. दुसरा आक्षेप ऑक्सिजनचा: औद्योगिक सिलिंडर, अस्वच्छ पाण्याचे ह्युमिडिफायर यांनी बुरशी पसरली, असे बरेच बोलले गेले. पण रुग्णसंख्या दुप्पट झाली ती २०२० च्या अखेरीस, एप्रिल २०२१ च्या ऑक्सिजन टंचाईच्या कितीतरी आधी. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरांनी जमवलेल्या २,८२६ रुग्णांच्या माहितीत ऑक्सिजन लागलेले ५७ टक्केच होते. उरलेल्यांना सिलिंडर लागलाच नाही, तरी बुरशी झाली. त्याच माहितीत ७८ टक्के मधुमेही आणि ८७ टक्के स्टेरॉइड घेतलेले आढळले. झिंकच्या गोळ्यांचा संशय मात्र इतक्या सहज झटकता येत नाही. २५ रुग्णालयांच्या त्या अभ्यासात १,७३३ म्युकर रुग्णांची तुलना म्युकर न झालेल्या ३,९११ कोरोना रुग्णांशी केली गेली. मधुमेहाशी या रोगाचे नाते सर्वांत ठळक नात्यांपैकी एक निघाले, सुमारे पावणेसात पट. झिंकचेही पावणेतीन पट निघाले. स्टेरॉइडची एकूण मात्रा वाढत गेली तसा धोकाही वाढत गेला. नाते आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नसते. तरीही ज्या गोळीचा फायदा ठामपणे सिद्ध नव्हता, ती सरसकट लिहून देण्याचे समर्थन करता येत नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप वेगळाच आहे. स्टेरॉइड तर ब्रिटन-अमेरिकेतही दिले गेले, मग तिथे हे का झाले नाही? आणि ज्या औषधाने हजारोंचे प्राण वाचवले, त्यालाच दोषी ठरवणे कृतघ्नपणा नाही का? दोन्हींचे उत्तर एकच आहे. तिथे औषध बहुधा रुग्णालयात, ठरल्या मात्रेत, साखर मोजत दिले गेले आणि निदान न झालेला मधुमेह तुलनेने कमी होता. आपल्याकडे हवेत आणि मातीत बीजाणूंचे प्रमाणही जास्त आहे, हे मान्य केले पाहिजे. पण हवा बदलणे आपल्या हातात नाही, मात्रा आणि साखर आहे. दोष स्टेरॉइडचा नाही, ते बेहिशेबी वापरण्याचा आहे. विषाणूनेही आपला वाटा उचलला, कारण कोरोना स्वतःच साखर वाढवतो. पण विषाणू एकटा पुरेसा असता तर जगभर सारखीच साथ दिसली असती. ती तशी दिसली नाही.

या साथीतून हाती काय उरले? नाकात दुर्बीण घालून वेळेवर तुकडा काढायला शिकलेली सर्जनांची एक मोठी फळी तयार झाली. दातांचे डॉक्टर हलणाऱ्या दातामागे बुरशीचा संशय घेऊ लागले आणि टाळूच्या जागी कवळी बसवण्याचे काम त्यांनी हजारो रुग्णांसाठी केले. पोसाकोनॅझोल आणि आयसाव्हुकोनॅझोल या औषधांचा अनुभव वाढला. हे कमावलेले आहे. पण साथ ओसरताच लक्षही ओसरले, आणि ज्यावर खरे काम व्हायला हवे ते तसेच राहिले. पुढच्या वेळी कोरोना नसेलही. डेंग्यू असेल, न्यूमोनिया असेल, गुडघेदुखीवर कोणीतरी दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन असेल. अनियंत्रित साखर असलेले कोट्यवधी लोक आणि मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या असतील, तोवर या बुरशीला वाट मोकळीच राहणार. म्हणून मागणी साधी आहे: स्टेरॉइड सुरू करण्याआधी आणि चालू असताना प्रत्येक रुग्णाची साखर मोजली जावी, चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकले जाऊ नये, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्याच दिवशी बुरशी तपासून देण्याची सोय असावी. घरातल्या मधुमेही माणसाचा एका बाजूचा चेहरा दुखू लागला, गाल बधिर झाला, नाकातून काळे येऊ लागले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे घेऊन जा.